सोवेटोचं म्युझियम एकट्या हेक्टरच्या नावाने का?

पाऊलवाट:
जोहान्सबर्गला तीन वर्षं आहे, गेल्या रविवारी लेकीला घेऊन सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतल्या ऑर्लँडो वेस्टमधलं हेक्टर पीटरसन म्युझियम बघितलं. १६ जून १९७६ ला, अर्धे विषय आफ्रिकान्समधूनच, म्हणजे तेव्हाच्या गोऱ्या राज्यकर्त्यांच्या भाषेतूनच, शिकायचे या सक्तीविरुद्ध हजारो शाळकरी पोरं मोर्चाने निघाली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, १२ वर्षांचा हेक्टर गेला. पण त्याच दिवशी १५ वर्षांचा हेस्टिंग्ज न्डलोवूही गेला, गोळी आधी त्यालाच लागली असं बरेच जण मानतात. हेक्टरसारखा जगभर गाजलेला फोटो त्याचा निघाला नाही म्हणून नाव नाही का? मला हा अन्याय वाटतो, '१६ जून स्मारक' म्हणायला हवं होतं.

गणितमास्तर:
अजिबात पटत नाही. वीस वर्षं आठवीला शिकवतोय, आकडे सांगितले की पोरं दुसऱ्या तासाला विसरतात, त्यांच्या वयाच्या एका पोराचं नाव घेतलं की वर्ग चिडीचूप. फोटोग्राफर सॅम न्झिमांचा तो हेक्टरचा फोटो बघा ना. डंगरी घातलेला म्बुयिसा नावाचा पोरगा हेक्टरला दोन्ही हातांवर घेऊन धावतोय, शेजारी बहीण अँटोइनेट शाळेच्या युनिफॉर्ममध्ये, हाताचा पंजा पुढे केलेला. आणि गणितसुद्धा आफ्रिकान्समधून! कित्येक शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती, फळ्यासमोर उभं राहून ते काय समजावणार होते, मला तर विचारानेच घाम फुटतो.

निशिगंध:
मास्तर, त्या फोटोपायी म्बुयिसाचं काय झालं तेही सांगा की. पोलिसांचा ससेमिरा लागला, १८ वर्षांचं पोर देश सोडून गेलं, १९७८ ला आईला नायजेरियातून पत्र आलं आणि मग काहीच नाही. ज्याने हेक्टरला उचललं त्याचंही नाव दारावर नाही. पाऊलवाटला अनुमोदन.

गणितमास्तर:
म्बुयिसाचं मान्य, मनापासून. पण म्हणून हेक्टरचं नाव उतरवायचं? २००२ साली म्युझियम उघडल्यावर अँटोइनेटने स्वतः तिथे लोकांना ही हकिगत सांगितली, हो, सख्ख्या बहिणीने. तिच्या भावाच्या नावाला '१६ जून'ची सर येईल का?

पाऊलवाट:
उतरवा नाही म्हणत हो, बाकीच्यांनाही घ्या. आतल्या अंगणात खडीवर दगडी ठोकळे विखुरलेत, मेलेल्या मुलांची नावं कोरलेले. लेक उकिडवी बसून एकेक वाचत होती, मी घाई केली तर म्हणाली, थांब ना आई, तिकडचे राहिलेत अजून.

गणितमास्तर:
मग ती नावं दाराबाहेर आणा, त्याला माझी हरकत नाही. हेक्टरचं मात्र आहे तिथेच राहू दे.