मदत हवी आहे: गाईड सोबत असताना स्कूबा डाइव्हआधी मी स्वतः काय तपासावं?

पाणकावळा:
ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स झालाय. आता 18 मीटरपर्यंतच्या डाइव्ह, 12 लिटरचा सिलिंडर, हवेचा दाब 200 बार. बोटीवर सगळं जोडूनच मिळतं. गाईड म्हणतो, "50 बार उरले की खूण करा." एवढ्यावर भागेल?

उथळ:
नाही भागणार. सिलिंडरच्या व्हॉल्व्हपासून सुरू करा. दाब दाखवणाऱ्या गेजवर नजर ठेवून रेग्युलेटरमधून (तोंडात धरून श्वास घ्यायचं उपकरण) चार-पाच खोल श्वास घ्या. काटा हलता कामा नये. श्वासागणिक खाली जाऊन परत वर येत असेल, तर व्हॉल्व्ह जेमतेम उघडा आहे. "पूर्ण उघडून पाव फेरा मागे" ही जुनी सवय याच्या मुळाशी असते; घाईत कुणीतरी उलटं करतं, बंद करून पाव फेरा उघडतं. बोटीवर हवा व्यवस्थित येते, खोलवर मात्र श्वास ओढावा लागतो. पूर्ण उघडा आणि तसाच राहू द्या.

ऑक्टोपसमधूनही (जोडीदारासाठीचा जादा रेग्युलेटर) श्वास घ्या, नुसतं बटण दाबून बघू नका. बीसीडी (हवेने फुगणारं जॅकेट) फुगवून गळती बघा, हवा सोडून बघा. इन्फ्लेटर (बीसीडीत हवा भरणारं बटण) अडकून बीसीडी आपोआप फुगायला लागला तर होज काढावा लागतो, तेव्हा तो एका हाताने निघतो का तेही बघा. बडीच्या (डाइव्हमधल्या जोडीदाराच्या) बुडण्यासाठी लावलेल्या वजनांचं बक्कल कसं सुटतं, हे पाण्यात उतरण्याआधीच कळलेलं बरं.

पाणकावळा:
आणि 50 बारचं काय?

तळगाळ:
गणित करा. बडीची हवा संपली, तुम्ही दोघं एकाच सिलिंडरवर. घाबरलेला माणूस मिनिटाला 30 लिटर हवा धरा, दोघांचे 60. 18 मीटरवर दाब 2.8 बार, म्हणजे हवाही 2.8 पट लागते: सावरायला एक मिनिट, 168 लिटर. मिनिटाला 9 मीटरने वर यायला दोन मिनिटं, सरासरी 1.9 बार: 228. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप (वर येताना घ्यायचा थांबा), दाब 1.5 बार: 270. एकूण 666 लिटर, भागिले 12, म्हणजे साडेपंचावन्न बार. 50 ला नुसती खूण केलीत तर उशीर झालाच. 60 ला तळ सोडा, 100 ला गाईडला कळवा. सिलिंडर लहान असेल तर आकडा वाढतो.

उथळ:
डाइव्ह कॉम्प्युटरही (खोली आणि वेळ मोजणारा) स्वतःचा हवा. गाईड तुमच्यापेक्षा दोन-तीन मीटर वर असेल तर त्याचा आकडा तुम्हाला लागू नाही. आणि अंगठा वर म्हणजे "डाइव्ह संपली, वर चला". ही खूण कुणीही करू शकतं, कारण विचारायचं ते वर आल्यावर.