नाशिकला आधी पूल हवेत की बस?

सिडकोकर: २०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय त्यामुळे जिकडे तिकडे नवीन रस्ते, पूल आणि रिंगरोड एवढंच ऐकू येतंय. माझं म्हणणं, आधी बस वाढवा. २०१३ ला हायवेवरचा उड्डाणपूल चालू झाला, धुळ्याकडे जाणारा ट्रक वरून सुसाट निघतो, पण द्वारका चौकात खाली कोण अडकतं तर आपणच, कारण शालिमारहून नाशिकरोडला जाणारा माणूस त्या पुलावर चढतच नाही! सिटीलिंक, म्हणजे महापालिकेची शहर बससेवा, जुलै २०२१ ला आली ती २५० बसच्या योजनेवर. २०११ च्या जनगणनेतच शहर जवळपास १५ लाखांचं होतं, म्हणजे लाखामागे १७ बस पण नाहीत. केंद्राचा मापदंड चांगल्या सेवेसाठी लाखामागे ६० धरतो आणि २० च्या खाली गेलं की सगळ्यात खालची श्रेणी. मग लोक टू व्हीलर घेणार नाहीत तर काय करतील.

पंचवटीवाला: दादा आकडे बरोबर आहेत पण बस चालवणार कुठे? गावठाणात, म्हणजे रविवार कारंजा, मेनरोड, शालिमार, तिथे दोन रिक्षा शेजारी उभ्या राहिल्या की रस्ता संपला, ७०० बस आणल्या तरी त्या त्याच जाममध्ये उभ्या राहणार. आणि सिंहस्थाचं म्हणाल तर २००३ ला रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, ते आम्ही विसरलेलो नाही. रुंदीकरण आधीच झालं पाहिजे.

अंबड_शिफ्ट: मी एमआयडीसीत कामाला आहे, सेकंड शिफ्ट सुटली की शेअर रिक्षात कोंबून बसायचं नाहीतर घरून कोणाला तरी न्यायला बोलवायचं. रात्रीची बस आमच्यासाठी किती मोठी गोष्ट आहे ते गाडी असलेल्यांना नाही कळणार. पण नुसती संख्या वाढवूनही भागत नाही हो, ठेकेदाराने पगार थकवले की वाहक संपावर जातात आणि अख्ख्या शहराची बस बंद, हे इथे एकदा नाही बऱ्याचदा झालंय. आधी त्यांचे पगार वेळेवर करा.

गंगापूररोड: म्हणूनच मेट्रो निओ हवी. रबरी टायर, वर विजेची तार, स्वतंत्र उन्नत मार्ग, खालच्या जामशी संबंधच नाही. २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये २,०९२ कोटी जाहीर झाले होते.

सिडकोकर: जाहीर झाले, खांब एकही उभा नाही. तोपर्यंत अंबडच्या ताईंनी थांबायचं का? पंचवटीवाल्या भाऊंचं गावठाणाबद्दलचं म्हणणं मला पटतं, तिथे मोठी बस नकोच, निमाणी आणि सीबीएस या बस स्थानकांपर्यंत मोठ्या बस आणा आणि आत छोट्या फिरवा. पण त्र्यंबक रोड, पुणे रोड तर रुंद आहेत ना, तिथे गर्दीच्या वेळी डावीकडची एक लेन फक्त बसला द्या.

पंचवटीवाला: छोट्या बसला माझी हरकत नाही. पण लेनचं अवघड आहे, डावीकडे पार्किंग, हातगाड्या, रिक्षा थांबे, हे सगळं रोज कोण हटवणार? आणि त्यावर पोट असणाऱ्यांना आधी जागा दिल्याशिवाय हटवायला निघालात तर माझा विरोधच राहील.