भुलीचं औषध प्रोपोफॉल उतरतं, तरी पेशंट जागा का होत नाही?

एक प्रश्न आलाय की भुलीच्या इंजेक्शनचा असर जेमतेम पाच-दहा मिनिटं, मग तीन तासांच्या ऑपरेशनमध्ये पेशंट मध्येच उठत कसा नाही? रोज भूल देते, म्हणून लिहिते.

ते दुधासारखं पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून सोयाबीन तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घालून त्याचं इमल्शन (तेलाचे बारीक थेंब पाण्यात मिसळलेलं मिश्रण) करतात. शिरेत जाताना झोंबतं. "मॅडम, हात चुरचुरतोय" म्हणेपर्यंत पापण्या जड होतात. ३०-४० सेकंद, बस्स. मेंदूतल्या गाबा रिसेप्टरचं (पेशींवरची, त्यांना शांत करणारी जागा) काम ते वाढवतं.

पण असर ओसरतो तेव्हा औषध शरीराबाहेर गेलेलं नसतं! मेंदूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ते आधी तिथे पोचतं. मग स्नायूंत आणि सावकाश चरबीत पसरतं, मेंदूतलं प्रमाण घटतं. थायोपेंटोन या भुलीच्या जुन्या इंजेक्शनचंही हेच. ते शरीरातून निम्मं व्हायला तासन् तास लागायचे, तरी एका डोसनंतर पेशंट दहा मिनिटांत डोळे उघडायचा.

म्हणून झोप लागली की आम्ही लगेच सेव्होफ्लुरेन या भुलीच्या औषधाची वाफ श्वासातून सुरू करतो (साधारण २ टक्के, वयस्करांना कमी), नाहीतर प्रोपोफॉलच पंपाने चालू ठेवतो. वेदनेसाठी फेंटॅनिलसारखं औषध वेगळं द्यावं लागतं.

आणि रोजची दारू, झोपेच्या गोळ्या असं काही असेल तर भूलतज्ज्ञाला आधी नक्की सांगा. डोस त्यावर बदलतो.