जिप्सीचा वॉटर पंप घरी बदलायचाय, टायमिंग बेल्ट काढावाच लागतो का?

गाडीवेडा_सातारा:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे 2004 ची जिप्सी किंग आहे, 1298 सीसी एमपीएफआय. हल्ली सकाळी गाडीखाली हिरवं पाणी दिसतंय, आणि ते रेडिएटरखाली नाही तर इंजिनाच्या पुढच्या अंगाला, फॅनच्या जरा मागं. चालू केली की घर्रर्र आवाज येतो, रेस दिली की वाढतो. घाटात टेंपरेचरचा काटा नेहमीपेक्षा वर जायला लागला म्हणून सध्या दारातच उभी ठेवलीय. एका गॅरेजवाल्यानं बॉनेट न उघडताच हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल म्हणून सांगितलं, ते काही पटलं नाही. ब्रेक पॅड, क्लच केबल, फॅन बेल्ट ही कामं मी घरीच करतो. पंपाला बाहेरून फॅन बेल्टच फिरवतो ना, मग टायमिंग बेल्टला (खालचा क्रँक शाफ्ट आणि वरचा कॅम शाफ्ट यांचा मेळ राखणारा आतला पट्टा) हात न लावता पंप निघेल का?

तेलकट_हात:
आधी पंपच गेलाय का ते नक्की कर. इंजिन पूर्ण गार असताना फॅन दोन्ही हातांनी धरून पुढंमागं, वरखाली हलव. पुली लटलटली तर बेअरिंग संपलं. पंपाच्या बॉडीला खालून एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून बाहेर यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं, तिथं ओल किंवा कूलंटचा (तेच तुझं हिरवं पाणी) वाळलेला थर दिसला की समज पंपच. कुणी ते भोक एम-सीलनं बुजव म्हणेल, अजिबात ऐकू नकोस, पाणी मग बेअरिंगमध्ये शिरतं. हेडचा संशय घ्यायचा तर ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई दिसते का, सायलेन्सरमधून पांढरा धूर सतत येतो का, ते बघ. यातलं काही नसेल तर हेडला उगाच कशाला हात लावायचा?

निळी_वॅगनआर:
माझ्या वॅगनआरचा पंप आम्ही दोघा भावांनी घरीच बदलला, बेल्ट काढला, पुली काढली, पंप बाहेर. टायमिंगला हातसुद्धा लावला नाही. तुमचंही तसंच असेल.

जुनीजिप्सी_भोर:
नाही हो वॅगनआरवाले, तुमचं के सिरीज इंजिन असणार, त्यात टायमिंग चेन आहे आणि पंप बाहेरच्या बाहेर निघतो. जिप्सीचं जी13 इंजिन वेगळं. फिरवतो फॅन बेल्टच, पण पंपाची बॉडी टायमिंग कव्हरच्या मागं बसवलेली आहे, त्यामुळे कव्हर, टायमिंग बेल्ट आणि त्याला ताण देणारा टेन्शनर काढल्याशिवाय सुटका नाही.

तरी दादा, घाबरू नकोस, या गाडीत पुढं जागा भरपूर आहे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, कूलंट स्वच्छ बादलीत काढून घे. फॅनचा काउल (भोवतीचं कव्हर) आणि फॅन एकत्रच बाहेर येतात. पंपाच्या पुलीचे नट मात्र फॅन बेल्ट ताणलेला असतानाच ढिले कर, नंतर पुली गरागरा फिरते आणि नट सुटत नाहीत. क्रँक पुलीचे बाजूचे छोटे बोल्ट काढले की पुली निघते, मधला मोठा 17 चा बोल्ट सोडवू नकोस. आता सगळ्यात महत्त्वाचं, बेल्ट उतरवायच्या आधी इंजिन फिरवून खालचे आणि वरचे दोन्ही टायमिंग मार्क जुळवून घे, मोबाईलवर फोटो काढ, आणि बेल्ट निघाला की क्रँक किंवा कॅम हलवायचा नाही.

जुनं गॅस्केट खरवडताना घाई नको, ॲल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथूनच गळतं. पंपाला गॅस्केटशिवाय दोन छोटी रबरी सीलं लागतात, एक ऑइल पंपाकडं एक हेडकडं, लोक विसरतात ती. बोल्ट एकाआड एक आवळत जा, 10 ते 13 न्यूटन मीटर पुरे, टॉमी (लांब दांडा) लावून ताकद काढलीस तर आटे जातील.

गाडीवेडा_सातारा:
खूप आभार, दोघांचे पण. बेल्ट मागच्या मालकानं कधी बदलला माहीत नाही, वरून तडे दिसत नाहीत. तोच परत चढवू का? आणि टेन्शनर किती ताणायचा?

जुनीजिप्सी_भोर:
नवाच टाक, आणि टेन्शनरपण. एवढं सगळं उघडल्यावर जुना बेल्ट चढवायचा आणि तो पुढं वरंधा घाटात तुटायचा, असं कशाला? क्रँक आणि कॅमच्या ऑइल सीलकडंही बघून घे, तेल झिरपत असेल तर बदल, तेल नव्या बेल्टला खातं. टेन्शन लावताना स्पार्क प्लग काढून ठेव, 17 च्या पान्यानं इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे सरळ दिशेला फिरव, टेन्शनर आवळ आणि मग मार्क परत बघ. एक दात जरी इकडंतिकडं असला तरी सगळं उतरवून परत. फॅन बेल्ट अंगठ्यानं जोरात दाबला की 6 ते 9 मिमी दबला पाहिजे.

तेलकट_हात:
भरताना बोअरचं पाणी नको, क्षार धरतात, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं निम्मं. गाडीचं तोंड चढाला कर, हीटर फुल गरमवर ठेव, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून आयडलिंगवर चालू कर, वरचा होज गरम होऊन बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. आणि काढलेलं कूलंट अंगणात उघडं ठेवू नकोस रे, चवीला गोड असतं म्हणून कुत्री पितात आणि मरतात, घरात लहान मूल असेल तर अजूनच जपायला हवं. कॅनमध्ये भरून झाकण लाव लगेच.