प्रतिसाद: मुंबईत पाणी वाचवणारी बाग कशाला?

‘मुंबईत एवढा पाऊस पडतो, मग पाणी वाचवणारी सामुदायिक बाग कशाला?’ हा वरचा प्रश्न रास्त आहे. पण आपला २,००० मिमीच्या वरचा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. उरलेले आठ महिने सोसायटीचं लॉन भातसा-वैतरणेचं पिण्याचं पाणी पितं, आणि त्यावर साधी मुंगीही रमत नाही!

शिकायचं असेल तर धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात एक चक्कर मारा. जुन्या कचराभूमीवर उभं राहिलेलं जंगल आहे ते, मिठी नदीच्या काठी.

गच्चीवर किंवा मोकळ्या पट्ट्यात माझ्या मते सुरुवात फुलपाखरांच्या खाद्यवनस्पतींपासून (ज्यांची पानं त्यांच्या अळ्या खातात) करावी. कढीपत्ता आणि लिंबावर कॉमन मॉरमॉन अंडी घालतं. रुईवर प्लेन टायगर, पानफुटीवर रेड पिएरो. आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉनही लिंबूवर्गीय झाडांवरच वाढतं. मात्र अळ्या पानं कुरतडणारच. तेव्हा माळीदादांना औषध फवारू नका म्हणून आधीच सांगून ठेवा, हे सगळ्यात अवघड काम (सेक्रेटरींना पटवणं त्याहून अवघड).

वाळलेली पानं जाळू नका, कचऱ्यातही देऊ नका. कुंड्यांत आणि आळ्यांत दोन-तीन इंच थर द्या, माती ओली राहते. पाणी संध्याकाळी किंवा पहाटे, मुळाशी.

पक्ष्यांसाठी पाणी ठेवाल ते उथळ भांड्यात, आणि रोज बदला. नाहीतर डासांची पैदास होईल आणि पालिकेची नोटीस येईल ती वेगळीच.