मदत हवी आहे: आईसाठी केअर होम बघतोय, नेमकं काय तपासू?

नमस्कार मंडळी. आईला अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ती अंथरुणालाच खिळून आहे. घरी सगळं निभेना, म्हणून नर्सिंग केअर होम शोधतोय. आतापर्यंत दोन पाहिली. पहिल्या ठिकाणी चकचकीत लॉबी, कुंड्या, हसतमुख मॅनेजर. पण आत गेलो तर एका आजोबांची बेल वाजतेय आणि कोणी फिरकत नाही. मी घड्याळ लावलं, १२ मिनिटं! तिथून काढता पाय घेतला.

माझी मुख्य काळजी बेडसोअरची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची. साधारण दर २ तासांनी कूस बदलायची, असं आम्हाला सांगितलंय. ते खरंच होतं का, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं? कूस बदलल्याच्या नोंदींचा तक्ता मागितला तर दाखवतात का? (सगळ्या नोंदी एकाच पेनने, एकाच हाताने लिहिलेल्या दिसल्या तर मला तरी शंका येईल.) आईला गिळायलाही त्रास होतो, त्यामुळे भरवताना तिला नीट बसवतात का, हेही बघायचंय.

रात्री किती रुग्णांमागे किती माणसं असतात आणि त्यांत प्रशिक्षित नर्स असते का, हे विचारलं की उत्तर गोलगोल मिळतं. न सांगता, जेवणाच्या वेळी किंवा रविवारी संध्याकाळी जाऊन धडकलो तर चालेल ना? आगीच्या वेळी न चालणाऱ्यांना बाहेर कसं काढणार, हेही विचारणार आहे.

ज्यांनी आपलं माणूस अशा ठिकाणी ठेवलंय त्यांनी कृपया सांगा, तुम्हाला पहिली धोक्याची खूण कोणती दिसली होती?