तलावाची वर्षाची गळ-फी वसूल होते का? (ठाणे / नवी मुंबई)

नेरूळचा_गळकरी

शीळफाट्याच्या पुढे एका खासगी तलावाची मेंबरशिप घ्यायचा विचार आहे. वर्षाचे ६,००० रुपये, माणशी दोन गळ. मेंबर नसाल तर दिवसाचे ५००. मासा घरी न्यायचा तर किलोला २०० वेगळे. पाणी दोनेक एकर, मासे कटला, रोहू, मृगळ आणि थोडे रूपचंद. जून ते ऑगस्ट बंद, रात्री मनाई.

बारा खेपांत पैसे फिटतात, एवढं गणित मलाही येतं. पण या पैशांत तलाववाला नेमकं काय देतो, आणि देतोय की नुसता गेटवर बसून पावत्या फाडतोय, हे बाहेरच्या माणसाने कसं ओळखायचं? दुसरं म्हणजे खाडी दारात असताना हा खर्च करावाच का? खाडीवर गळ टाकायला सरकारी परवाना लागतो का? कोणी म्हणतं लागतो, कोणी म्हणतं कुणी विचारतही नाही.

बोटुकली

खेपा मोजू नका, पाण्यात काय पडतंय ते बघा.

कटला, रोहू, मृगळ साचलेल्या तलावात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. म्हणजे सोडले तेवढेच मासे. घरी गेले, मेले, पाणकावळ्यांनी नेले की आकडा खालीच जाणार. त्यामुळे दरवर्षी बीज, म्हणजे माशांची पिल्लं, सोडणं हा फीतला पहिला खर्च. दोन एकर म्हणजे ०.८ हेक्टर. हेक्टरी पाच हजारांच्या हिशेबाने चारेक हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) पुरते. पण बोटुकलीच! ‘यंदा एक लाख बीज सोडलं’ असा फलक दिसला तर लाख कसले ते विचारा. मत्स्यजिरे (अंड्यातून नुकती निघालेली पिल्लं) आठेक मिलिमीटरचे असतात, स्वस्त मिळतात, आणि तिलापिया किंवा मरळ असलेल्या तलावात ते थेट त्यांच्या पोटात जातात. गळाच्या तलावाला ७५ ते १०० मिलिमीटरची बोटुकली हवी. खरेदीच्या पावतीवर आकार लिहिलेला असतो, आणि तारीख जुलै ते सप्टेंबरमधली असायला हवी. पावती दाखवायला का-कू करणाऱ्याला सहा हजार देऊ नका.

काही जण बीजाच्या भानगडीत न पडता वाढलेले मासे टेम्पोने आणून सोडतात. हे मासे चार-आठ दिवस चाऱ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. वाहतुकीत खवले गेले असतील तर अंगावर कापसासारखी बुरशी येते आणि निम्मे काठाला लागतात.

दुसरा खर्च हवेचा. एप्रिल-मे महिन्यात पहाटे साडेपाचला तलावावर जाऊन उभे राहा. पाण्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्रभर स्वतःच तो ओढतं. त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. लिटरला ५ मिलिग्रॅम असेल तर ठीक. ३ च्या खाली गेला की मासे तोंड वर काढून भकाभका हवा घेतात, आणि त्यात कटला सगळ्यात आधी दिसतो. पॅडलव्हील एरेटर (पाणी ढवळून हवा मिसळणारं यंत्र) दुपारी गरगरतोय आणि पहाटे बंद, असं असेल तर तो गिऱ्हाइकाला दाखवायला बसवलाय.

पाणी तपासायला यंत्र लागत नाही. हात सरळ पाण्यात घाला. कोपरापर्यंत बुडाल्यावर तळवा दिसेनासा झाला तर हिरवेपणा बरोबर. मनगटाशीच दिसेनासा होत असेल तर शेवाळ जास्त झालंय. ढगाळ हवेचे दोन दिवस सलग आले की असं पाणी दगा देतं.

तिसरं, मासे पकडून सोडायचा नियम असेल तर पकडलेल्या माशाचं तोंड बघा. ओठ फाटलेले, कोपऱ्याला जुन्या जखमा, अंगावर लाल चट्टे दिसले तर तेच मासे पुन्हा पुन्हा ओढले जातायत आणि नवीन भर पडत नाही. चांगला तलाववाला बिनकाट्याचा गळ सक्तीचा करतो (गळाचा उलटा काटा पकडीने दाबला तरी चालतो). हात ओले करून मासा धरायला लावतो आणि गाठी नसलेली रबरी जाळी स्वतः ठेवतो. कोरड्या हाताने आणि गोणपाटावर ठेवून फोटो काढू देणारा तलाव लवकर मरतो.

आणि एक चलाखी. खाद्य माशांच्या एकूण वजनाच्या दोन-तीन टक्के रोज घालायचं असतं. शुक्रवारी रात्री दुप्पट घातलं की शनिवार-रविवार गळ कोरडे आणि मासे शाबूत. म्हणून मेंबर होण्याआधी ५०० भरून एक रविवार आणि ५०० भरून एक बुधवार बसून बघा. फरक फार असेल तर समजून जा.

खाडीवाला_सारसोळे

आधी परवान्याचं. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ हा नौकांसाठी आहे. नौकेची नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय खात्याकडून घ्यावा लागतो. काठावर उभं राहून गळ टाकणाऱ्याला त्यात वेगळा परवाना नाही. पण म्हणून कुठेही बसता येतं असं नाही. ऐरोली पूल ते वाशी पूल यांमधला ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याचा पट्टा २०१५ मध्ये जाहीर झाला, १,६९० हेक्टरचा. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जाही मिळाला. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. पिढीजात मासेमारी करणाऱ्या कोळी बांधवांची बाब वेगळी, हौशी गळवाल्याला तीच सवलत मिळेल असं धरून चालू नका. कांदळवन तोडून वाट करणं तर सरळ गुन्हा.

नवी मुंबईच्या सेक्टरांमागच्या धारण तलावांत (पावसाचं पाणी साठवायच्या तळ्यांत) बोय आणि तिलापिया दिसतात, पण तिथेही आधी गावात विचारा. पाणी उघडं दिसतंय म्हणून ते कुणाचंच नाही असं समजू नये.

खाडी फुकट असली तरी वेळ पाळावी लागते. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीचा ढोबळ वेळ मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाडीत आत ती आणखी थोडी उशिरा पोचते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी इतकं ओढतं की वजन तळाला टिकत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं (कमी चढ-उताराच्या भरतीचं) पाणी संथ असतं, तेव्हा नवशिक्याने बसावं. ओहोटीला गाळात उतरू नका. मांडीपर्यंत रुतलात तर परत येणारी भरती थांबत नाही.

बोय धरायची तर ८ ते १० नंबरचा बारीक गळ आणि मळलेल्या कणकेची वाटाण्याएवढी गोळी. जिताड्याला जिवंत कोळंबी, २/० ते ४/० नंबरचा मोठा गळ आणि पुढे हातभर ४०-५० पौंडी जाड नायलॉन. त्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, बारीक दोरी एका झटक्यात कापते. शिंगाला लागला तर हाताने सोडवू नका. पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन काटे विषारी असतात. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा तास हात बुडवा आणि मग डॉक्टर गाठा.

राहता राहिलं खाणं. खाडीच्या एका अंगाला ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने आहेत. नाल्याच्या तोंडाशी सापडलेला, गाळात चरणारा मासा मी कुणाला खा म्हणणार नाही. घरी न्यायला मासा हवा असेल तर तलावाचे किलोला २०० बरे.

पावती_दाखवा

वरच्या दोघांचंही बरोबर, पण फीचा पैसा कुठे जातो हा प्रश्न राहिलाच.

अमेरिकेत राज्याचा मासेमारी परवाना घ्यावा लागतो. १९५० च्या केंद्रीय कायद्याने गळ-रॉड-रीळवर १० टक्के कर घेतला जातो आणि तो राज्यांना वाटला जातो: ६० टक्के वाटा परवानाधारकांच्या संख्येवर, ४० टक्के राज्याच्या क्षेत्रफळावर. अट एकच, परवान्याचा पैसा राज्याने मासे-वन्यजीव खात्याबाहेर वळवायचा नाही. वळवला तर केंद्राचा वाटा जातो. इंग्लंडमध्ये रॉड लायसन्स घेतलं तरी पाण्याच्या मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. त्यातला पैसा पर्यावरण खात्याकडे जातो, आणि ते खातं नॉटिंगहॅमशरमधल्या कॅल्व्हर्टन इथल्या केंद्रात मासे वाढवून नद्यांत सोडतं. तिथला गळवाला महाग झालं म्हणून कुरकुरतो, पण कुणाला जाब विचारायचा हे त्याला माहीत असतं.

आपल्याकडे सार्वजनिक तलावांवर बहुधा ठेका असतो. ठेक्याची रक्कम त्याच तलावावर खर्च करायची असं करारात लिहिलेलं असेल तरच तशी सक्ती करता येते. तुमचा तलाव खासगी म्हणताय, पण जागा कुणाची ते बघा. बरेच ‘खासगी’ तलाव ग्रामपंचायतीचे किंवा पाटबंधाऱ्याचे असतात आणि चालवणारा ठेकेदार असतो. तसं असेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून तीन कागद मागा: करारनामा, ठेक्याची मुदत, आणि बीज सोडल्याची नोंद. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ठेका येत्या मार्चला संपत असेल तर वर्षाची फी भरू नका. नवा ठेकेदार जुनी मेंबरशिप मानेलच असं नाही.

नेरूळचा_गळकरी

मोठं काम केलंत. कालच फोन केला. जागा त्यांची स्वतःची, सातबारा दाखवतो म्हणाले. बीजाची पावती मात्र ‘गेल्या वर्षीची शोधावी लागेल’. फी दोन हप्त्यांत चालेल म्हणतात.

बोटुकली

मग पहिला हप्ता सप्टेंबरमध्ये, यंदाचं बीज सोडताना समोर उभं राहून द्या. पिशव्या आल्यावर लगेच फोडू देऊ नका. आधी वीसेक मिनिटं तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या, मग थोडं थोडं तलावाचं पाणी आत घ्यायचं. घाईने ओतलं तर तापमानाच्या फरकानेच बरीचशी बोटुकली जाते. एका पिशवीतली मोजून घ्या आणि पिशव्यांच्या संख्येने गुणा. आकडा चार हजारांच्या आसपास आला तर दुसरा हप्ता जानेवारीत. हजार-बाराशे निघाली तर दिवसाचे ५०० भरूनच जात जा.